नळीतला पिवळा थर

तेवीस वर्षं मी रक्त फिरवते आहे. मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. सांगली-कोल्हापूरकडचे, विजापूर-बेळगावकडचे पेशंट रोज गाडीतून उतरतात आणि त्यातले काही आमच्या खिडकीशी येतात. दंडाला पट्टा बांधायचा, शीर चाचपायची, जांभळ्या झाकणाची ट्यूब भरली की ती आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची, नाव, वय, वेळ लिहायची. हे सगळं आता हात आपोआप करतात.

प्लेटलेट हा माझ्यासाठी पावसाळ्यातला शब्द आहे. डेंग्यूची साथ आली की खिडकीशी एकच प्रश्न, "ताई, प्लेटलेट किती?" शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाईसुद्धा दीड लाख ते साडेचार लाख हे माप तोंडपाठ सांगतात. पपईच्या पानांचा रस पाजून आलेली माणसं सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीच्या पानावर लिहून ठेवतात. आकडा फारच कमी आला तर मी मशीनवर विसंबत नाही. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहते. कारण काही जणांच्या प्लेटलेट जांभळ्या ट्यूबमधल्या रसायनाने एकमेकींना चिकटतात, आणि ते पुंजके मशीनला प्लेटलेट वाटतच नाहीत. मग निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्यायचं. आकडा छापून हातात द्यायच्या आधी तो खरा आहे ना, हे बघणं माझं काम.

गेल्या मार्गशीर्षात माझं स्वतःचं रक्त दुसऱ्या कुणाच्या तरी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्याचे थर वेगळे करणाऱ्या मशीनमध्ये, फिरताना पाहिलं. त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात, आतल्या छोट्या खोलीत. खुर्चीवर बसून राहायला सांगितलं होतं, पण मला बसवेना. मशीनपाशी जाऊन समोरच्या कप्प्यात तेवढ्याच वजनाची पाण्याची ट्यूब लावली आहे का ते आधी पाहिलं. मशीन थांबलं, झाकण उघडलं. तळाशी लाल, वर पिवळा, आणि दोन्हींच्या सीमेवर पांढुरकी बारीक रेघ. हा थर मी किती हजार वेळा पाहिला असेल. त्या दिवशी तो माझ्या डोक्यात टोचला जाणार होता.

केस हा माझ्या आईच्या घरातला अभिमानाचा विषय. आईचा शेपटा कमरेखाली होता. १९८५ साली तिला विषमज्वर झाला, मी तीन वर्षांची होते. ताप उतरला, ती हिंडूफिरू लागली, आणि तीनेक महिन्यांनी एका सकाळी फणीत मूठभर केस आले. मग रोजच. त्या दिवसांत तिनं एक गंगावन आणवलं होतं. अंबाड्यात ते गुंफून ती लग्नाकार्याला जायची आणि डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. वर्षभरात केस परत आले. गंगावन पत्र्याच्या पेटीत गेलं, अजून तिथंच आहे, जुन्या मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेलं.

म्हणून सदतिसाव्या वर्षी, मुलीच्या स्नेहसंमेलनात गॅलरीतून कुणीतरी काढलेल्या फोटोत माझा भांग दोन बोटं रुंद दिसला, तेव्हा आई म्हणाली, "अगं, येतात परत. माझे आले की नाही?" तिच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. तिनं स्वतःच्या डोक्यावर ते अनुभवलं होतं. तिनं माका, जास्वंद, ब्राह्मी घालून तेल उकळलं, बाटल्या भरून दिल्या, आणि मी ते चार वर्षं लावलं. दर रविवारी ती माझ्या टाळूवर तेल चोळायची. तिच्या बोटांचा तो स्पर्श मला आजही हवाहवासा वाटतो, आणि त्याच चार वर्षांचं दुःखही आहे.

कारण आईचे केस गळले ते वेगळ्या कारणानं आणि माझे वेगळ्या. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवडे त्याचं मूळ आखडतं, मग तीनेक महिने तो नुसता अडकून राहतो आणि गळतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे या चक्रातलं नेहमीचं. मोठा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन असं काही झालं की वाढीत असलेले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. करोनानंतर घरोघरी हेच दिसलं. पण मूळ शाबूत असतं, म्हणून केस परत येतात. आईचं तसं झालं होतं.

माझ्या डोक्यात मुळंच लहान होत चालली होती. आनुवंशिक टक्कल म्हणतात ते हेच. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी हे हार्मोन मुळांना दर चक्रात थोडं थोडं आखडतं; कपाळाच्या कडा मागं सरकतात, टाळू उघडी पडते. बायकांमध्ये हार्मोनचं गणित इतकं सरळ नाही, पण दिसायला खूण ठरलेली असते. कपाळावरची रेषा तशीच राहते आणि भांग रुंद होत जातो. केस मुठीनं गळत नाहीत. जाड केसाच्या जागी बारीक, बारीकच्या जागी लव, आणि शेवटी काहीच नाही. हे इतकं सावकाश होतं की रोज आरशात बघणाऱ्याला कळत नाही. रक्तातली बारीकशी उणीवही मोजून सांगणारी मी, माझ्या डोक्यावरचं काही मोजलं नव्हतं.

एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा एका केसांच्या क्लिनिकमध्ये गेले. मोठ्या शहरातलं होतं, नाव सांगत नाही. गुळगुळीत फरशी, भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो. डॉक्टर भेटायच्या आधी एका मुलीनं पीआरपीचं, म्हणजे स्वतःच्या रक्तातला प्लेटलेटनं भरलेला पिवळा द्रव (प्लाझ्मा) टाळूत टोचण्याचं, सहा सिटिंगचं पॅकेज समजावलं आणि आज पैसे भरले तर किती सूट मिळेल तेही सांगितलं. "तुमचंच रक्त आहे मॅडम, साइड इफेक्ट शून्य." मी विचारलं, पीआरपीत प्लेटलेटचा आकडा किती येतो? तिला प्रश्न कळला नाही. आत जाऊन विचारून आली आणि म्हणाली, "भरपूर येतात." हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, कशाचीच तपासणी कुणी सुचवली नाही. मी बसनं परत आले आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझं रक्त मीच काढायला लावलं. हिमोग्लोबिन ठीक होतं, फेरिटिन मात्र ९. शरीरातला लोहाचा साठा तळाला गेला होता. डोक्यात सुया टोचण्याआधी ही गोष्ट कुणीतरी पाहायला हवी होती, याचा राग मला अजून येतो. पॅकेज घेऊन परतलेल्या बाकीच्या बायकांपैकी कितीजणींचं फेरिटिन असं असेल?

पुढे ज्या डॉक्टर मॅडमकडे गेले, त्यांनी आधी चार महिने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मिनॉक्सिडिल सुरू केलं. हे मूळचं रक्तदाबाचं औषध; गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते केसांसाठी बाटलीत आलं. मॅडमनी डर्मोस्कोप टाळूवर ठेवून पडद्यावर माझंच डोकं मला दाखवलं. एका ठिकाणी जाड केस, शेजारी त्याच्या निम्म्या जाडीचा, शेजारी नुसती लव. पुढे एक बोटभर जागा होती, तिथं कातडी चकचकीत आणि छिद्रंही दिसेनाशी. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ताई, इथं मी काही करू शकणार नाही. ही जी लव दिसते आहे ना, तिच्यासाठी प्रयत्न करू." तेलाची चार वर्षं त्या बोटभर जागेत गेली होती. मी आईला हे सांगितलेलं नाही.

मग पीआरपीचं सविस्तर बोलणं झालं. प्लेटलेट म्हणजे अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे तुटून आलेले तुकडे, त्यांना केंद्रक नसतं, आयुष्य सात ते दहा दिवसांचं. जखमेवर त्या गोळा होतात, रक्त थांबवतात, आणि पोटातल्या कणांमधून वाढीला चालना देणारी प्रथिनं सोडतात. पेशी वाढवणारी, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटायला लावणारी. ही प्रथिनं एकवटून पाहिजे तिथं सोडली तर? अमेरिकेतले मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी १९९८ साली जबड्याच्या हाडाच्या रोपणात हे वापरलं आणि कल्पना दूरवर पसरली: गुडघे, खेळाडूंचे स्नायुबंध, न भरणाऱ्या जखमा. २००६ साली ब्राझीलमध्ये केसांच्या रोपणात लावायची मुळं आधी अशा प्लाझ्मात भिजवून पाहिली गेली. तिथून ते सरळ टाळूत टोचण्यापर्यंत आलं.

काम करतं का? मी मॅडमना विचारलं आणि त्यांनी हो म्हणून मोकळं व्हायचं टाळलं, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्यांनी दोन-तीन शोधनिबंध वाचायला दिले. पुण्यात झालेला, २०१४ साली छापलेला एक छोटा अभ्यास होता. ११ पुरुष, औषधं घेऊनही फरक न पडलेले. चार वेळा पीआरपी दिल्यावर ठरलेल्या जागेतली मोजणी सरासरी ७१ वरून ९३ वर गेली. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. २०१५ चा इटलीतला अभ्यास अधिक काटेकोर: त्याच माणसाच्या डोक्याच्या अर्ध्या भागात पीआरपी, अर्ध्यात नुसतं सलाईन, आणि पीआरपीच्या बाजूला केस वाढलेले. तिसरा मी दोनदा वाचला. २०१६ चा, अमेरिकेतला, २६ स्त्रियांवरचा. काहींना खरं, काहींना खोटं इंजेक्शन. केसांच्या मोजणीत दखल घेण्याजोगा फरक नाही. मात्र तिथं इंजेक्शन एकदाच दिलं होतं, आणि आता महिन्याच्या अंतरानं तीन-चार वेळा देतात.

म्हणजे पुरुषांत बरे निकाल, बायकांत धूसर. मी बाई. रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली ते कागद पसरून बसले होते, तेव्हा माझं लक्ष वेगळ्याच ठिकाणी अडकलं. प्रत्येकाची कृती निराळी. कुणी दहा मिलिलिटर रक्त घेतलेलं, कुणी साठ. कुणी एकदा फिरवलेलं, कुणी दोनदा. कुणी कॅल्शियम घातलेलं, कुणी नाही. टोचलेल्या द्रवात प्लेटलेट किती, हे सगळीकडे एकसारखं नव्हतंच. मार्क्स यांनी २००१ साली घाव भरण्यासाठी मायक्रोलिटरला १० लाख हे माप सुचवलं होतं. केसांसाठी तर सर्वांनी मान्य केलेलं असं मापच नाही. क्रोसिनच्या गोळीवर ५०० मिलिग्रॅम छापलेलं असतं. इथं एका सिटिंगला हजारो रुपये घेतले जातात आणि आज टोचलं त्यात औषध किती होतं हे ना देणाऱ्याला माहीत, ना घेणाऱ्याला. मग काम झालं नाही तर पीआरपी फसलं म्हणायचं की ते पीआरपी नव्हतंच?

आमच्या कामातल्या कुणालाही विचारा, रक्त फिरवण्यात सगळं वेगावर आहे. पहिली फेरी हलकी हवी. लाल पेशी जड, त्या खाली बसतात; प्लेटलेट चिमुकल्या, त्या वर प्लाझ्मात तरंगत राहतात. तो पिवळा थर काढून दुसऱ्या ट्यूबमध्ये जोरात फिरवला की प्लेटलेट तळाशी येतात; वरचा दोन तृतीयांश प्लाझ्मा काढून टाकायचा, उरलेल्यात तळ हलवून मिसळायचा. ते पीआरपी. पहिलीच फेरी जोरात झाली तर प्लेटलेटही लाल थरावर जाऊन बसतात आणि वर छान पिवळं, स्वच्छ, निरुपयोगी पाणी उरतं. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. आणि मशीनवर नुसते मिनिटाला १५०० फेरे लावले म्हणून जोर ठरत नाही. तो मशीनच्या मध्यापासून ट्यूबच्या तळापर्यंतच्या अंतरावरही ठरतो. ते अंतर १० सेंटीमीटर असेल तर १५०० फेऱ्यांना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २५० पट जोर लागतो. तेच १८ असेल तर ४५० पट.

हे मी मॅडमना सांगितलं. जरा संकोचानेच, कारण त्या डॉक्टर आणि मी टेक्निशियन. त्यांनी वही ओढून लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं पीआरपी तुम्हीच मोजा ना."

तर असं झालं. आठवडाभर आधीपासून ब्रुफेनसारखी गोळी घ्यायची नाही, कारण तिनं प्लेटलेट मंदावतात. २० मिलिलिटर रक्त निघालं. ट्यूबवर माझं नाव मी स्वतः तपासलं. "तुमचंच रक्त" या दोन शब्दांची सगळी सुरक्षितता त्या चिकटपट्टीवर आणि नव्या सुईवर उभी असते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये याच प्लाझ्माचं चेहऱ्यावरचं सुयांचं काम करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली. तिथं एकदाच वापरायच्या वस्तू पुन्हा वापरल्या जात होत्या, रक्ताच्या ट्यूबना नावं नव्हती. ते वाचल्यापासून माझ्या हाताखालच्या मुलींना मी नाव लिहिल्याशिवाय ट्यूब खाली ठेवू देत नाही.

चार मिलिलिटर पीआरपी निघालं. त्यातले दोन थेंब मी छोट्या ट्यूबमध्ये घेतले, रिक्षानं लॅबमध्ये पाठवले, सलाईननं पाचपट पातळ करून मोजायला सांगितलं. तोवर मॅडमनी टाळूवर बर्फ फिरवला, कपाळाशी आणि मागं बधिर करायची इंजेक्शनं दिली. ती सगळ्यात जास्त झोंबतात. फोन आला: रक्तात २ लाख ४० हजार, पीआरपीत ७ लाख ८० हजार. सव्वातीन पट. मग एकेक सेंटीमीटरवर बारीक सुई, थेंब थेंब. कपाळाजवळ डोळ्यांतून आपोआप पाणी येतं. नर्सनं न विचारता माझा हात धरला, मी तो धरू दिला. रात्री डोकं जड, ओलं पोतं ठेवल्यासारखं. दुसऱ्या दिवशी भुवयांवर थोडी सूज. तिसऱ्या दिवशी काही नाही.

असं चार वेळा, महिन्याच्या अंतरानं. ज्येष्ठात डर्मोस्कोपनं त्याच जागेवर मोजलं. चौरस सेंटीमीटरला ११२ केस होते, ते १२७ झाले, आणि काही लवेच्या जागी रंग धरलेले केस दिसले. चकचकीत बोटभर जागा तशीच. हे लोहानं झालं, मिनॉक्सिडिलनं झालं की पीआरपीनं, हे एकट्या माझ्या डोक्यावरून कुणीच सांगू शकणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पण भांग पाडताना कंगवा आता थोडा अडखळतो. त्या अडखळण्यानं मला किती बरं वाटतं, हे केस न गेलेल्या बाईला समजावणं अवघड आहे. आई रविवारी तेल लावायला बसते तेव्हा बोटांनीच ओळखते आणि म्हणते, "बघ, आले की नाही?" मी हो म्हणते.

त्यानंतर मॅडमनी ठरवलं की त्यांच्याकडच्या प्रत्येक पीआरपीचे दोन थेंब आमच्याकडे यायचे. मी एक जाड रजिस्टर घातलं. तारीख, रक्तातला आकडा, पीआरपीतला आकडा, किती पट. तीन पट, साडेतीन, चार, पुन्हा तीन. साठच्यावर नोंदी झाल्या आहेत. माणसागणिक फरक पडतो, पण मोजलं की तो निदान डोळ्यांसमोर येतो.

परवा दुपारी दोन थेंब आले. रक्तात १ लाख ९० हजार. पीआरपीत २ लाख १० हजार. मी पुन्हा मोजायला लावलं, काचपट्टी ओढून पुंजके आहेत का पाहिलं. नव्हते. मॅडमना फोन केला तेव्हा पेशंट खुर्चीत बसलेली होती, डोकं बधिर करायचं बाकी होतं. मी विचारलं, आज वेगळं काही केलंत का? त्या म्हणाल्या, काही नाही, तेच १५०० फेरे, तेवढीच मिनिटं. मग थांबल्या. "मशीन नवीन आहे, ताई. जुनं सोमवारी बिघडलं. हे जरा मोठं आहे."

"लाल थराची ट्यूब टाकू नका," मी म्हटलं, "आणि त्यांना अर्धा तास बसायला सांगा." ड्रॉवरमधली फूटपट्टी पर्समध्ये घातली आणि रिक्षा थांबवली.